पुस्तकांतील भुतें आणि पाड्यावरील भुताळी

शाळेच्या ग्रंथसंग्रहांतील कोणतें पुस्तक मुलांस आवडतें हें जाणण्यास नोंदवही पाहण्याची गरज नसते. पुस्तकाच्या कडा पाहिल्या म्हणजे पुरे. थोर पुरुषांचीं चरित्रें कपाटांतून जशीं जातात तशींच कोरीं परत येतात. परंतु ज्या कादंबऱ्यांत शाळकरी मुलामुलींची गांठ भुताशीं, चेटकिणीशीं किंवा रक्त पिणाऱ्या एखाद्या देखण्या तरुणाशीं पडते, त्यांची पाठ उसवलेली, पानें दुमडलेलीं, आणि आमच्या सरावलीच्या परिसरांत तर कोठें कोठें चिकूच्या चिकाचा डागही पडलेला असतो. झाडाखालीं बसून, फळ खातां खातां, दिवस मावळेपर्यंत वाचलेलें पुस्तक असें सहज ओळखूं येतें.

हीं पुस्तकें मुलांनीं वाचावींत कीं वाचूं नयेत, असें अनेक पालकांनीं आम्हांस वर्षभरांत विचारलें. कित्येकांस वाटतें कीं, अशा वाचनानें मुलें भित्रीं होतात. कित्येकांस वाटतें कीं, अभ्यासाचा वेळ फुकट जातो. आणि थोड्यांस असेंही वाटतें कीं, मूल कांहीं तरी वाचतें आहे एवढ्यावरच समाधान मानावें. हीं तिन्ही मतें आम्हांस अपुरीं वाटतात. म्हणून आम्हीं त्यांपैकीं कांहीं पुस्तकें स्वतः मन लावून वाचलीं, आणि त्यांविषयीं जें मत बनलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या मातापित्यांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, अद्भुताची गोडी आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांबरोबर आलेली नाहीं. अकराव्या शतकांत काश्मीरांत सोमदेवानें जो ‘कथासरित्सागर’ रचला, त्यांत वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्याच पुढें ‘वेताळपंचविशी’ या नांवानें घरोघर गेल्या. राजानें स्मशानांतील झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घ्यावें, प्रेतांतील वेताळानें वाटेंत एक कथा सांगून शेवटीं कूट प्रश्न घालावा, उत्तर ठाऊक असून न सांगितल्यास राजाच्या मस्तकाचीं शकलें व्हावींत, आणि उत्तर दिल्यास मौन मोडलें म्हणून प्रेत पुन्हां झाडावर जावें, असा हा खेळ आहे. युरोपांतील रक्तपिपासू पिशाच्च माणसाचें रक्त मागतें. आपला वेताळ उत्तर मागतो. अपराध कोणाचा, खरा त्याग कोणाचा, न्याय कोणत्या बाजूस, हें राजानें अंधारांत, खांद्यावर ओझें असतांना ठरवावयाचें असतें. शेवटच्या प्रश्नाला उत्तर सांपडत नाहीं म्हणून राजा गप्प राहतो, तेव्हां वेताळ संतुष्ट होऊन त्याला सांगतो कीं, ज्या साधूनें तुला प्रेत आणावयास पाठविलें तोच तुझा बळी देणार आहे. ज्याचें भय वाटत होतें तें भूत अखेरीस हितकर्तें ठरतें, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला तो माणूस घातकी निघतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं मनांत जपून ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

मराठी कादंबरीनेंही बाल्यावस्थेंत अद्भुताचें बोट धरलेलें होतें. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही आपल्या भाषेंतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि तिचा विषय विधवांचें दुःख हा आहे. परंतु वाचकांची ओढ लवकरच दुसरीकडे वळली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांनीं एका पिढीस वेड लाविलें. पुढें हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत येऊं लागली, आणि घरांतील मुलीसुनांचें जिणें हाही कादंबरीचा विषय होऊं शकतो हें वाचकांस पटलें. तरीही अद्भुत मेलें नाहीं. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’नें तें पुन्हां दाखवून दिलें. यावरून आमचें मत असें कीं, वाचकाच्या मनाला खरें जग आणि अद्भुत जग हीं दोन्ही हवीं असतात. एकावर बंदी घातली तर मूल तें चोरून वाचतें, एवढाच काय तो फरक पडतो.

आतां अलीकडील पुस्तकांकडे वळूं. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाल्या. पोरका मुलगा, जादूची शाळा, आणि आईबापांचा घात करणारा दुष्ट मांत्रिक, असा हा कथाभाग बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. आमच्या मतें या पुस्तकांचें बळ त्यांतील जादूंत नाहीं. तेथील मोठीं माणसें त्या दुष्टाचें नांव घेण्यासही भितात; हॅरी मात्र तें उघड उच्चारतो. तिसऱ्या पुस्तकांत मुलांच्या मनांतील भयाचें रूप घेणारा एक प्राणी येतो, आणि त्याला पळवून लावण्याचा उपाय शिकवितांना शिक्षक सांगतात कीं, त्या रूपाला हास्यास्पद करा. त्याच पुस्तकांत माणसाचा सारा आनंद शोषून घेणारे पहारेकरी आहेत. त्यांना दूर सारण्यास आयुष्यांतील सुखाची एक बळकट आठवण लागते. ज्या मुलानें एखाद्या दीर्घ दुखण्यांत किंवा घरच्या दुःखांत दिवस काढले आहेत, त्याला हें निव्वळ कल्पित वाटणार नाहीं.

नील गेमन यांची ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ ही कादंबरी २००८ सालीं निघाली व पुढील वर्षीं अमेरिकेंतील न्यूबेरी पदकाची मानकरी ठरली. आईबापांचा खून झालेलें एक लहानगें मूल जुन्या स्मशानांत जातें, आणि तेथील भुतें त्याला वाढवितात, अशी ती कथा आहे. मुंबईंत जन्मलेले रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’चा (१८९४) आदर्श लेखकापुढें होता, तेथें लांडग्यांनीं मूल वाढविलें, येथें भुतांनीं. मारेकरी जिवंत माणूस आहे आणि माया करणारे बहुतेक मेलेले आहेत. वेताळाची गोष्ट आठवली म्हणजे ही उलटापालट आपणांस परकी वाटत नाहीं.

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) व तिच्यापुढील तीन कादंबऱ्यांविषयीं मात्र आमचें मत तितकें अनुकूल नाहीं. त्यांतील नायक रक्तपिपासू पिशाच्च असून १९१८ पासून सतरा वर्षांचाच राहिलेला आहे, आणि शाळेंतील एका मुलीवर त्याचें प्रेम बसतें. आपली तहान आवरून धरणारा नायक ही कल्पना हलकी नाहीं. संयमाचें मोल ती दाखविते. परंतु तोच नायक रात्रीं त्या मुलीच्या खोलींत तिच्या नकळत शिरून तिला निजलेली पाहत बसतो, आणि लेखिका हें प्रेमाचें लक्षण म्हणून सांगते. दुसऱ्या पुस्तकांत तो सोडून गेल्यावर मुलीला जगण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं. आमच्या विद्यार्थिनींना आम्ही एवढेंच विचारूं कीं, पिशाच्च हा शब्द काढून त्या जागीं शेजारचा मुलगा घातला, तर या वागण्याला तुम्ही काय म्हणाल? अमानुष रूपाची झगमग डोळ्यांपुढें आली म्हणजे माणसाच्या वागण्यांतील खोट दिसेनाशी होते. या जातीच्या पुस्तकांतील खरा धोका आम्हांस हाच वाटतो. रात्रीं भीति वाटणें हा नव्हे.

मराठींत नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं भयकथेस मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांचे ‘समर्थ’ अघोरी शक्तींशीं झुंजतात तें मनोनिग्रहाच्या बळावर. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची तऱ्हा निराळी. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यांत मुलांस चेटकिणीकडे पाहून खळखळून हंसविणारा हाच लेखक गूढकथा लिहूं लागला म्हणजे अंगावर कांटा आणतो. आणि त्याच्या कित्येक कथांतील भय बाहेरून येत नाहीं, माणसाच्या हेव्यांतून व अपराधांतून उगवतें. ज्यांस इंग्रजी पुस्तकें जड जातात त्यांनीं या दोघां लेखकांपासून आरंभ करावा.

येथवर आलों आणि हा लेख संपला असें आम्हांस वाटलें होतें. परंतु एके दिवशीं तास संपल्यावर एका विद्यार्थिनीनें आम्हांस असा प्रश्न विचारला कीं, त्यानें आमचें सारें विवेचन थबकलें. ती म्हणाली, “पुस्तकांतली चेटकीण हुशार असते, सुंदर असते, तिच्यासारखें व्हावें असें वाटतें. आमच्या पाड्यावर एक म्हातारी आहे. तिला भुताळी म्हणतात. तिच्या हातचें पाणी कोणी घेत नाहीं. मीसुद्धां तिच्या दारावरून जातांना धांवते. यांतलें खरें काय?”

आम्हांस लगेच उत्तर देतां आलें नाहीं. वेताळाचा प्रश्न आमच्याच खांद्यावर येऊन बसला होता. तें उत्तर आतां येथें देण्याचा प्रयत्न करतों.

डहाणू व तलासरी या तालुक्यांत अद्भुत हें कपाटांतील पुस्तकांत कोंडलेलें नाहीं; तें शेतांत आहे, रानांत आहे, घराच्या कुडावर आहे. धान्याला वारली लोक कणसरी देवी मानतात. गांवाच्या वेशीजवळ वाघोबाची स्थापना असते. ज्या रानांत बिबट्या हिंडतो त्या रानाशीं सलोख्यानें राहण्याची ती एक रीत आहे. लग्नघरीं सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, त्यांत पालघट देवी येते, आणि धवलेरी गाणें म्हणते. भिंतीवरील हीच चित्रविद्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं कागदावर आणिली, आणि २०११ सालीं ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. या साऱ्याला कोणी अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडील तर आम्ही त्याच्याशीं सहमत होणार नाहीं. जी कल्पना माणसाला मातीशीं, रानाशीं व शेजाऱ्याशीं जोडते ती इंग्रजी कादंबरींतील कल्पनेहून तिळभरही कमी नाहीं.

परंतु भुताळीची कल्पना माणसाला माणसापासून तोडते. घरांत मूल तापानें दगावतें, दुभती गाय एकाएकीं आटते, आणि दुःखी मन कारण शोधूं लागतें. दवाखाना दूर असतो. भगत जवळ असतो. सगळेच भगत वाईट नसतात, कित्येकांस झाडपाल्याची चांगली पारख असते. पण त्यांतील एखादा दाणे पाहून बोट दाखवितो, आणि तें बोट सहसा गांवच्या सामर्थ्यवान माणसाकडे वळत नाहीं. तें वळतें विधवेकडे, म्हातारीकडे, एकटीकडे. कधीं जिच्या नांवावर जमिनीचा तुकडा आहे तिच्याकडे. मग बहिष्कार, मारहाण, आणि कधीं त्याहूनही भयंकर.

हें केवळ आपल्याकडेंच घडतें असें मानूं नये. अमेरिकेंत आज जें मॅसॅच्युसेट्स राज्य आहे, तेथील सेलम गांवीं १६९२ सालीं नऊ व अकरा वर्षांच्या दोन मुलींस झटके येऊं लागले. वैद्यानें बाधेचा संशय घेतला, मुलींस नांवें विचारण्यांत आलीं, आणि प्रथम ज्या तिघी स्त्रियांवर आरोप आला त्यांत एक घरकाम करणारी गुलाम होती, एक भीक मागून पोट भरणारी होती व एक आजारी होती. वर्ष सरण्यापूर्वीं एकोणीस माणसें फांशीं गेलीं, आणि एका म्हाताऱ्यास दगडांखालीं चिरडून मारण्यांत आलें. पुढें १७११ सालीं सरकारनें त्यांच्या वारसांस भरपाई दिली. पण फांसावरून कोणी परत आलें नाहीं. तीं माणसें मूर्ख नव्हतीं. कित्येकांस लिहितां वाचतां येत होतें. भयाला खोटें नांव दिल्यावर शिकलेला गांवही काय करूं शकतो, याचें हें उदाहरण आहे.

आपल्या राज्यांत यासंबंधीं आतां स्पष्ट कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्याच्यासाठीं अनेक वर्षें खटपट केली, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं हत्या झाल्यानंतर प्रथम वटहुकुमाच्या रूपानें व मग त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळाच्या संमतीनें झाला. एखादी व्यक्ति करणी करते, तिच्यामुळें रोगराई येते किंवा गुरांचें दूध आटतें, असें भासवून तिचें जिणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हाही गुन्हा आहे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्रतंत्र करणें हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. हें प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं वाचून दाखवावें, अशी आमची विनंती आहे.

मग त्या मुलीस आमचें उत्तर काय? तें असें कीं, पुस्तकांतील चेटकीण खोटी आहे व ती आपण खोटी असल्याचें लपवीत नाहीं. म्हणून तिच्यापासून कोणास इजा होत नाहीं. पाड्यावरची भुताळी हीही एक गोष्टच आहे, पण ती आपण गोष्ट असल्याचें लपविते. तिच्या आड जी म्हातारी आहे ती मात्र खरी आहे. तिला तहान लागते, ताप येतो, आणि दारावरून धांवत जाणाऱ्या मुलीच्या पावलांचा आवाजही तिला ऐकूं येत असेल.

अद्भुत पुस्तक हातीं घेतांना विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न जवळ ठेवावेत, असें आम्ही सुचवितों. पहिला, या गोष्टींतील जादूला कांहीं मर्यादा आहे काय? जेथें मंत्र म्हणतांच सर्व मिळतें तेथें शिकण्यासारखें कांहीं नसतें. दुसरा, संकटांतून सुटका होते ती नायकाच्या कोणत्या गुणामुळें? धैर्य, मैत्री, सत्य यांमुळें, कीं तो जन्मानेंच कोणी निराळा आहे म्हणून? तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, या गोष्टींत राक्षस कोणाला ठरविलें आहे? जो बलवान असून छळतो त्याला, कीं जो केवळ कुरूप, गरीब किंवा एकटा आहे त्याला? या तिसऱ्या प्रश्नांत जें पुस्तक उतरतें तें भुताखेतांनीं भरलेलें असलें तरी निर्भयपणें वाचावें. जें उतरत नाहीं तें कितीही सोज्ज्वळ दिसलें तरी सावधपणें वाचावें.

आपल्या याच भागानें भयाला खरें नांव देण्याचा एक मोठा धडा पूर्वीं घालून दिलेला आहे. येथील वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांची वेठ करीत होते, आणि त्यांचें नांव काढतांच थरथरत होते. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळील झरी येथें हजारों वारली एकत्र जमले व यापुढें वेठ करावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकांत लिहिली आहे. त्यांत एकही भूत नाहीं, तरी भयावर मिळविलेल्या विजयाचें तें पुस्तक आहे. अद्भुत कादंबऱ्या वाचून झाल्यावर मोठ्या मुलांनीं तें अवश्य वाचावें.

पालकांस शेवटीं एक विनंती. मुलाच्या हातून भुताचें पुस्तक हिसकावून घेऊं नका. रात्रीं जवळ बसून त्यांतलें एखादें प्रकरण त्याला मोठ्यानें वाचावयास सांगा, आणि तुमच्या लहानपणीं ऐकलेली एखादी गोष्ट त्याला सांगा. ज्या घरांत भयाच्या गोष्टी उघडपणें बोलल्या जातात, त्या घरांत भय फार दिवस मुक्काम करीत नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थिनीनें पुढें काय केलें हें आम्हांस तिच्या मैत्रिणीकडून कळलें. ती एके संध्याकाळीं त्या म्हातारीच्या दारावरून चालत गेली, धांवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती दारांत थांबली व तिनें प्यावयास पाणी मागितलें. म्हातारीनें आधीं इकडे तिकडे पाहिलें, मग आंत जाऊन तांब्या घांसून आणिला. एवढेंच घडलें. पाड्यावर त्याची कांहींशी कुजबूज झाली. मूल आजारी पडलें नाहीं. आम्हीं वाचलेल्या कोणत्याही कादंबरींतील पराक्रमाहून हा पराक्रम आम्हांस लहान वाटत नाहीं.